पूर्वेकडे वस्ती नाही

नाई नाई, सही माहीच आहे. शिक्काबी गावचाच आहे, त्यात काई खोटं नाई. मी फक्त इचारून राह्यलो का हा झेरॉक्स तुमच्या हातात कसा आला— त्या नागपूरवाल्यानं देला? मोबाइलवर धाडला? बरं आहे. म्हन्जे तुमी ड्रोनवाले आपसात आमच्या गावचे कागद फिरवता अन् आमाले पत्ता नाई. बसा. खाटीवर बसा भाऊ, उभ्यानं बोलाचं काम नाई हे. अन् गाडी तिथी काऊन लावली, कुंपनाले चिकटून? …राहू द्या, राहू द्या आता. मंग काढान. च्या काळा आहे, चालते नं?

त काय म्हनता तुमी, फक्त तारीख बदलून द्या. इसरू पुंगाटी, ग्रामसभा अध्यक्ष, खाली शिक्का— बाकी सारं जसंच्या तसं. पाच मिनटांचं काम. आना, ती फाइल आना इकडं. हा तुमच्या यंत्राचा नंबर. हे उडवाचं लायसन, फोटोत दाढी नाई तुमाले. हा मोबाइलमधला नकाशा— हिरवा म्हन्जे उडवा, लाल म्हन्जे हात लावू नका, हो नं? माहीत आहे मले, सारं माहीत आहे, त्या नागपूरच्या पोट्ट्यानं शिकवलं. हे ठान्याचं पत्र, अन् ठानेदार म्हनला का गावाचं पत्र आना. बरोबर म्हनला. सारं बरोबर आहे तुमचं. त्याचंबी सारं बरोबर होतं. एक कागद जरी कमी असता नं, त म्या त्याले तिथूनच हाकलून देला असता, अन् आज तुमच्यासंगं हसून बोललो असतो. चोर असता त गोटा मारता आला असता. कायद्यात बसलेल्या मानसाले काय माराचं? घिन येते मले त्या कागदायची. तुमची नाई— तुमी आताच आले.

राजस्थानातून आले म्हनता? गाडीनं, इतक्या दूर? अन् तिथी वाळवंटात उडवलं. सारं नियमानं. मैलोगनती वाळू, एक मानूस नाई, कोनाची अडचन नाई. असं. …कोनाले इचारलं होतं? नाई, सहज इचारतो. रागावू नका. कोनीतरी सांगितलं असंल नं तुमाले, का इथी कोनी राहत नाई? कोन्या तरी इसरूनंच सांगितलं असंल. गावोगाव असते एक इसरू. आता ह्या कागदावरची तिसरी ओळ वाचा. मोठ्यानं वाचा, माह्या डोळ्याले बारीक अक्षर दिसत नाई. “गावाच्या पूर्वेकडे वस्ती नाही. तिकडे कोणी राहत नाही. तरी त्या बाजूने उड्डाण करण्यास हरकत नाही.” हां. बस. थांबा तिथीच. मास्तरनं लिहिलं, पन सांगितलं म्या.

चांगला पोट्टा होता तो, खरं सांगतो. सालभर शिव्या देतो मी त्याले— अहेरीच्या बाजारात देल्या, लग्नायच्या पंगतीत देल्या, ड्रोनवाले नंगे असतात, बायायचे फोटो काढतात, थू. लोक म्हनतात, बरोबर आहे इसरूभाऊ. पन तो चांगला होता. त्यानं इचारलं होतं. म्हने काका, मानसायच्या डोक्यावरून उडवाचं नाई आमाले, नियम आहे, त मले सांगा, कोन्या बाजूले घरं नाईत? नदीचं वळन घ्याचं होतं त्याले, जे तुमाले पाहिजे तेच. अन् म्या पूर्वेकडं हात केला. एक घडी थांबलो नाई. डोक्यातबी आलं नाई.

पूर्वेकडं काय आहे? काई नाई. म्हन्जे— सागाची झाडं आहेत, नाला आहे. अन् कुर्माघर आहे. नाई समजलं? आता हे तुमाले कसं सांगू मी, तुमी माह्या पोरासारखे. आमच्यात बाया महिन्याचे ते चार-पाच दिवस घरात नाई राहत. तिथी राह्यतात. गावाबाहेर. जेवन घरून जाते, दूर ठेवतात, त्या उचलून घेतात. मानसानं तिकडं जायाचं नाई, पाहाचं नाई, त्या घराले हात लावाचा नाई. लहानपनापासून तिकडून जाताना मान आपोआप वळते भाऊ, कोनी सांगा लागत नाई. म्हनून म्हनतो, म्या खोटं नाई लिहून देलं. म्या ते घर मोजलंच नाई. कोन्याही मानसाले म्हना आमच्या गावची घरं मोज, त्याची मोजनी नाल्याच्या अल्याडच संपते.

माही घरवाली, कलाबाई— आत आहे ती, आयकून राह्यली, आयकू द्या— तीन ग्रामसभांत उभी झाली. छप्पर गळते म्हने. एका बाजूनं खाली बसलं म्हने. अध्यक्ष कोन? मी. म्या म्हनलं, पुढचा विषय घ्या. मास्तरनं मान खाली घातली, गायता, आमच्या गावचा पुजारी, खोकलला, अन् पुढचा विषय सुरू. आता तुमी शिकलेले आहा, सांगा मले. आमच्या गावात बाईनं छपरावर चढाचं नाई, ही एक रीत. अन् मानसानं त्या घराले हात लावाचा नाई, ही दुसरी. मंग शाकारन कोन ते? देव उतरन खाली? दोनी रीती आमच्याच, आमीच सांभाळल्या, अन् दोनीच्या मंधात पानी गळते. हे कलाबाई बोलली होती. माहं डोकं इतकं नाई चालत.

श्रावन होता तो. दोन दिवसाची झड उघडली होती अन् पोट्टा खूश, म्हने उजेड मस्त आहे. यंत्र वर गेलं, भुंगा गेल्यासारखं. अन् त्यानं तो काचेचा डबा माह्या हातात देला— इसरूकाका, पाहा, तुमचं गाव. अन् मी पाह्यलं, काय सांगू. माह्या घराचे कवेलू दिसले. बैल दिसले. कलाबाई आंगनात उभी, कमरेवर हात ठेवून वर पाहे, म्या हसलो. जनम इथी गेला पन आपलं गाव वरून कोनी पाह्यलं होतं? मंग ते पूर्वेकडं वळलं. झाडं, झाडं, नाला. अन् झाडायच्या मंधात एक छप्पर, अर्धं पडलेलं. आतला चिखल दिसे वरून. म्या पहिल्यांदा पाह्यलं ते घर, पन्नास साल ह्या गावात राहून. पहिल्यांदा, अन् तेबी आभायातून. डुकरं ठेवतो नं आमी, त्याईचा गोठा बरा आहे त्याहून. भिंतीच्या जेवढ्या कोपऱ्यावर छप्पर होतं, तिथी एक पोरगी उभी होती, निळी पन्नी अंगावर घेऊन. बसाले जागा नोती, म्हनून उभी. यंत्राचा आवाज आला तशी तिनं मान वर केली.

दिव्या. माही दिव्या. ब्रह्मपुरीले कॉलेजात शिकते, होस्टेलवर राह्यते, तिथी साऱ्या पोरी एका खोलीत, कोनी वेगळं बसत नाई, कोनाचं काई वाईट झालं नाई. सुट्टीत घरी आली होती. घरी आली म्हनून तिथी गेली. ती वर पाहे, भाऊ. यंत्राले पाहे— म्हन्जे मलेच पाहे, पन तिले काय माहीत. मंग हातात जर्मनची ताटली होती, पोचे पडलेली, ती तिनं तोंडासमोर धरली. ती ताटली माह्या मायची. तिथलीच आहे ती, घरात येत नाई. माही मायबी तीच ताटली घेऊन तिथी बसे, इतकी सालं.

पोट्टा घाबरला. झटक्यात वळवलं त्यानं, खाली आनलं, माह्यासमोर ते चित्र पुसलं, दोनदा दाखवलं का पाहा काका, नाई राह्यलं. माफी मागतली. मंग म्हने— काका, तिथी त कोनी राह्यते. तुमी नाई म्हनले होते. कोन आहे ती?

म्या म्हनलं…

च्या प्या. थंडा होते.

म्या म्हनलं, कोनी नाई. दुसऱ्या गावची असंल.

पोटची पोरगी आहे ती माही, भाऊ, अन् तिचं तोंड त्या काचेत असं समोर होतं माह्या, इतकं जवळ का केसातलं पानी दिसे. अन् म्या म्हनलं, कोनी नाई. त्या यंत्रानं काई केलं नाई. यंत्रानं त दाखवलं. हे आतापर्यंत कोनाले बोललो नाई मी. तुमालेबी बोलनार नोतो. तुमी हा कागद काऊन आनला?

आठ दिवस ताप होता तिले मंग. बरी झाली, गेली ब्रह्मपुरीले. जाता जाता मोटारीच्या खिडकीतून इचारते— बा, ते यंत्र कोनी आनलं होतं गावात? म्या म्हनलं, पोलिसायचं असंल. अन् मोटार गेली. अन् मी तिथूनच बाजारात गेलो, अन् ड्रोनवाल्यायले शिव्या द्याले सुरवात केली.

दिवाळीत पत्रे आनले. सात. अहेरीवरून, ट्रॅक्टरवर टाकून. कोनाले सांगितलं नाई कायसाठी. पन गायत्याले समजलं, तो आला, ह्याच खाटीवर बसला, म्हने इसरू, तू अध्यक्ष आहेस, तू त्या घरावर चढशील त गावाचं काई चांगलं होनार नाई. म्या म्हनलं, नाई चढत. पत्रे तिथंच कुंपनापाशी पडले आहेत. मोहाच्या बिया वाळवते कलाबाई त्याच्यावर. रोज सकाळी पसरते, रोज संध्याकाळी गोळा करते, अन् माह्याकडं पाहत नाई. मले वाटते तिले माहीत आहे. म्या काय म्हनलं त्या पोट्ट्याले, ते तिले माहीत आहे. नाई त ती भांडली असती.

परवा दिव्या आली. अन् कालपासून ती तिथीच आहे, पूर्वेकडं. मिरग दोन दिवसावर आला. मागच्या हप्त्यात त्या घरात मन्यार साप निघाला, बायायनं मारला काठीनं. अन् मी सकाळपासून इथी बसलो होतो, काईतरी काम शोधून राह्यलो होतो आंगनात, का तुमची गाडी आली. तारीख बदलून द्या म्हनता.

पेन आहे? तुमीच लिहा, माहं अक्षर बेकार आहे. त्याच कागदाच्या मागं लिहा. लिहा— गावाच्या पूर्वेकडे वस्ती आहे. लिहिलं? एक घर आहे. तिथे दिव्या इसरू पुंगाटी ही राहते. नाई, नाव लिहा, पूर्न नाव. काऊन थांबले? अन् ती माही पोरगी आहे हेबी लिहा. सही करनाऱ्याची मुलगी आहे. तरी उडवाची परवानगी नाई. बस. आना इकडं… हा शिक्का. थोडा फिका उमटला, चालते. आता ह्याचा फोटो काढा अन् त्या नागपूरवाल्याले धाडा, अन् ज्याले ज्याले तो जुना धाडला असंल त्याले त्याले धाडा. त्याले म्हना, काकानं इचारलेल्याचं उत्तर देलं.

नाई, तुमी नका येऊ. शिडी धराले मानूस लागत नाई, कलाबाई धरन. गायत्याचं मी पाहीन. तुमाले तिकडं पाहाचंबी नाई, समजलं? नदीची वळनं दुसरीकडंबी लई आहेत.

कलाबाई! बिया उचल गा पत्र्यायवरच्या.

उठा भाऊ. गाडी काढा. मले पत्रे न्याचे आहेत.