पंपावरचं ओलं फडकं

नाही, किल्लीला हात लावू नका अजून. आत्ता तर बंद केलीत, आत्ता फिरवलीत तर होईल मुकाट्यानं सुरू, आणि तुम्ही म्हणाल, बाई, गाडी ठणठणीत आहे. ऐकलंय मी ते. तुमच्या आधीच्या मिस्त्रीनं तेच सांगितलं – गाडी रात्रभर त्याच्या शेडमध्ये गार पडलेली, सकाळी त्यानं सुरू केली, झाली, की हा मोकळा. अहो, ज्याला संध्याकाळी ताप चढतो त्याला सकाळी तपासून ‘ताप नाही’ म्हणणारे डॉक्टर मी जन्मभर पाहिलेत. मेट्रन होते मी. माझ्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातलं कण्हणंसुद्धा जरा शिस्तीत व्हायचं. तेव्हा मी सांगते तसं करा – बॉनेट उघडं असू द्या, पण इंजिनाला हात लावू नका. बंद केल्यावर ते आणखी तापतं, पंखा थांबतो ना. तेवढं तापू द्या, मग बघू. बसा. त्या टायरवर बसा, मला खुर्ची आहे.

बॅटरी? नवी आहे. स्टार्टर? नवा. प्लग नवे, कॉइल नवी, आणि एकानं तर सीटखालची वायरिंगच बदलली, का तर म्हणे जुनी दिसत होती. जुनी तर मीही दिसते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तुमचा सगळा धंदा. थांबायचं कोणाला नको असतं, हे खरं दुखणं. रोग्याच्या उशाशी गप्प बसून राहणं, तो कधी घामेजतो, कधी थंड पडतो ते बघणं – त्याला बूड स्थिर लागतं. तुमचंही बघा, आत्ताच चुळबुळ चाललीय.

हं. आता फिरवा. ऐका – स्टार्टर फिरतोय की नाही जोरात? फिरतोय. पण धरतेय का? नाही धरत. बास, उगाच रगडू नका, बॅटरी उतरेल. आता प्लगची वायर काढून ठिणगी बघा – काढताय, बरं, सांगायच्या आधीच काढताय. आहे ना ठिणगी? निळी आहे ना? मग विजेचा खेळ संपला. राहिलं पेट्रोल. टाकी भरलेली आहे, मी स्वतः भरून आणलीय, तेव्हा तो प्रश्न विचारून माझं डोकं फिरवू नका. कार्बोरेटरची नळी सोडवताय? सोडवा. कोरडी? थेंब नाही? बघा. टाकीत आहे, इथे नाही, म्हणजे वाटेत त्याची वाफ होतेय. पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्याला ओढता येत नाही. हे मला कळतं. मला कळतं आणि त्या आधीच्या चौघांना कळत नाही, म्हणजे त्यांनी पाने धरायला हात कुठून आणले देव जाणे.

कुठे बंद पडते? पडत नाही हो बंद, मी बंद करते. चालताना काही नाही, थोडं थांबून परत सुरू करायला गेलं की हे. कुठे म्हणजे – औषधाच्या दुकानासमोर. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला. शहराच्या त्या टोकाला, जुन्या पाण्याच्या टाकीपाशी. नाही, माझ्या गल्लीत दुकानं नाहीत असं कोण म्हणालं? आहेत, दोन आहेत. हसू नका. काखेत कळसा नि गावाला वळसा, मला कळतं ते. पण त्या गोळ्या तिथेच चांगल्या मिळतात. गोळ्या गोळ्याच असतात? तुम्ही मिस्त्री आहात, मिस्त्रीच राहा.

दुकानाच्या वर माझी धाकटी बहीण राहते. असते एखाद्याची बहीण कुठेतरी, त्यात काय. मी काही तिच्यासाठी जात नाही. आमचं बोलणंच बंद होतं. वडील गेले आणि गाडी मला आली – येणारच, तिला गिअर आणि ब्रेक यांतला फरक कळत नाही – तर तेराव्याच्या आधीच ही सगळ्यांसमोर म्हणते, “तुला गाडी मिळाली, मला त्यांचं आजारपण मिळालं.” काय बोलावं? वडील तिच्याकडे पडून होते हे खरं, पण मला काय सुट्टी होती? मी वॉर्डात परक्यांच्या वडिलांची शौचाची भांडी उपसत होते ना तिकडे. ते नाही दिसलं कोणाला. मीही मग तोंड उघडलं नाही. एकदा मिटलं की मिटलं माझं.

तर पहिल्यांदा अडकले तिथे, तेव्हा मी काही वर बघितलं नाही. बसले गाडीतच, काच लावून. आणि ही खाली आली. हातात ओलं फडकं. काचेवर टकटक नाही, काही नाही, सरळ बॉनेट उघडलं, फडकं पंपावर टाकलं आणि उभी राहिली कमरेवर हात ठेवून. वडील असंच करायचे. गाडी घेतली तेव्हा मी नर्सिंगला होते, ही शाळेच्या शेवटच्या वर्गात. चढ आला की वर पोचून थांबायचं, मी बॉनेट धरायचं, हिनं फडकं भिजवून आणायचं, वडील म्हणायचे, आता गप्प बसा दोघी, तिला गार होऊ द्या. कोणाला म्हणायचे काय माहीत, तेव्हाही आमचं भांडण चालूच असायचं. फडकं वाळेपर्यंत संपायचं मात्र.

पुढच्या वेळी म्हणाली, वर ये, वेळ लागेल. गेले. ऊन होतं म्हणून गेले. जिना असा की पाय ठेवायला जागा नाही, पसारा, आणि चहा म्हणजे नुसतं गरम पाणी – साखर विसरते ती, पूर्वीपासून. एवढंसं घर, त्यात वडिलांची खाट अजून तशीच. मी म्हटलं, काढून टाक की. म्हणाली, दुपारी पडते मी तिच्यावर. बरं बाई, पड.

आणि मागच्या खेपेला, चांगलं चाललं होतं, तर खिडकीतून खाली बघत मला म्हणते, “ताई, ही एकदा दुरुस्त का करून घेत नाहीस?” म्हणजे कंटाळली. समजतं मला. तीही लगेच खाली आली, फडकं टाकलं, बॉनेट आपटलं, म्हणाली, कर सुरू. निघाले. म्हणून तर तुमच्या दारात आलेय. मला काही कोणाच्या जिन्यावर चढायची हौस नाही. गाडी नीट करून घेते, गोळ्या घेते, आणि तिच्या खिडकीखालून झटक्यात निघून दाखवते.

काय? काय नाहीये? पंप आणि इंजिनाच्या मधे जाड काळी पट्टी असते? उष्णता अडवायला? आणि ती इथे नाहीच? कधीपासून – मूळ पंप नाही हा? म्हणजे वडिलांनी घेतली तेव्हाच कोणा शहाण्यानं पंप बदलला आणि पट्टी लावायची विसरला. म्हणजे चढावरचं सगळं आमचं थांबणं त्या एका पट्टीपायी. कमाल आहे. तुमच्याकडे आहे तशी? आत्ता बसेल? पाच मिनिटांचं काम?

थांबा. ते काय पडलंय तिथे, तेलकट चिंध्यांत? मघाशी पंपावरून काढलंत? इकडे द्या. द्या म्हणते ना. हा वडिलांचा सदरा आहे, ही रेघ ओळखते मी. आणि या काय – नाड्या? चारी कोपऱ्यांना नाड्या शिवल्यात. घसरू नये म्हणून. हाताची शिलाई आहे, तिचीच, अशी वाकडी शिलाई दुसऱ्या कोणाला जमणार नाही. पंपाला बांधून दिलं होतं, आणि मला बोलली नाही. दुरुस्त करून घे म्हणते तोंडानं, आणि बसून हे शिवते. मूर्ख आहे ती. लहानपणापासून मूर्ख आहे.

ती पट्टी ठेवा. ठेवा तिकडे फळीवर. नाही, नको बसवायला. नळी जोडा आणि बाजूला व्हा. तिनं विचारलं तर सांगेन, मिस्त्रीला काही सापडलं नाही – तुमची बदनामी होईल थोडी, तर होऊ द्या, तुमच्या धंद्याची काही फार इभ्रत शिल्लक नाहीये. फडकं जळेल? चाळीस वर्षांत एकही नाही जळलं. नळ कुठे आहे तुमचा? राहू द्या, भिजवते मी. बांधतेही मीच. सरका.