सरांच्या गोष्टीतला बाप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे आधारस्तंभ माननीय अमरसिंहदादा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मुख्याध्यापक विजयसिंह सर, सरांचं प्रत्येक भाषण सभेच्या आधी घरी ऐकलेल्या तेजस्वी वहिनी, व्यासपीठावरचे मान्यवर, गुरुजन आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी क्रांती कांबळे, याच शाळेची विद्यार्थिनी, आता पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सर सांगायचे, लोक मुद्दे चपला घालतानाच विसरतात, गोष्ट मात्र घरी नेतात. तेव्हा मुद्दे सोडते, गोष्ट सांगते.

दहावीत सरांनी मला आजऱ्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं. म्हणाले, "सुरुवात स्वतःच्या गोष्टीनं कर. सभा आपली होते. वडील काय करतात?"

"गवंडीकाम."

"छान. पितात?"

"नाही सर. आमच्या घरी पंचशील पाळतात."

"कधीतरी? सणासुदीला?"

"नाही सर."

"अरेरे," सर म्हणाले.

मी न पिणाऱ्या बापाचं भाषण केलं आणि तिसरा नंबर आला. सरांना ते लागलं असावं, कारण पुढच्या वर्षापासून ती गोष्ट ते स्वतःच सांगू लागले. शिवाजी पेठेतली गरीब मुलगी, तिचा दारुडा बाप आणि त्यानं चुलीत घातलेलं पुस्तक. पहिल्या वर्षी एकच पुस्तक जळालं. मग अख्खं दप्तर. एका शिबिरातल्या भाषणात मुलीचा हातही भाजला. आमच्या घरी तेव्हा गॅस होता, पण गॅसवर जळणाऱ्या पुस्तकाला कोण रडणार? घरापासून शाळा चालत दहा मिनिटं. सरांनी मध्ये ओढा घातला, पुढे त्याला पूर आणला. मी पाटबंधारे खात्यात असूनही तो ओढा मला अजून सापडलेला नाही.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. मैत्रिणी सांगायच्या, मी हसायचे. गोष्टीत माझं नाव नव्हतं, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटायचं.

मग गेल्या वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. माझे वडील, ज्ञानू कांबळे, आमचे आबा, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. याच सभागृहात सरांनी गोष्ट सांगितली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आबा शेजारच्या माणसाला म्हणाले, "लई वंगाळ बाप हाय की त्या पोरीचा."

तेवढ्यात सर म्हणाले, "ती मुलगी आज आपल्यात आहे. क्रांती, उभी राहा, बाळ."

मी उभी राहिले. हात जोडले. टाळ्या थांबेपर्यंत उभी होते. आबा टाळ्या वाजवत होते, मग त्यांचे हात थांबले.

घरी आल्यावर आबा पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी कवा जाळलं गं पुस्तक?"

"आबा, भाषणात तसं सांगावं लागतं."

"सरांनी सांगितलं, त्येंचं भाषण हाय. तू का उभी ऱ्हायलीस?"

याचं उत्तर कोणत्याच वक्तृत्व कार्यशाळेत शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबा एकटेच सरांकडे गेले. सरांनी चहा दिला, समजावलं, "ज्ञानूभाऊ, बाप चांगला असला की लोक नुसत्या माना डोलावतात. वाईट असला की रडतात."

आबा म्हणाले, "मग तुमचा बाप घाला की त्यात, सर."

सर दिलदार आहेत. हसले आणि दुरुस्तीचा शब्द दिला. शब्द पाळलाही. पुढच्याच महिन्यात गारगोटीच्या सभेत त्यांनी दारू काढून टाकली आणि बापाला साप चाववून मारलं. नेमकी माझी धोंडुबाई आत्या त्या सभेत होती आणि सरांनी माझं नाव घेतलं. आत्यानं रडत फोन केला, "माझा भाऊ गेला आणि मला कळवलं बी न्हाय व्हय?" फोन आबांनीच उचलला होता.

हसताय? आम्हीही हसलो. आबा हसले नाहीत.

आज सकाळी हे भाषण मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सरांनी तुला बोलायला शिकवलं, त्ये कुटं हाय ह्यात? न्हायतर तू बी त्येच करालीस." म्हणून सांगते. आजऱ्याला सरांनी मला स्वतःच्या मोटारसायकलवरून नेलं. मी बोलत असताना ते सभागृहाच्या मागच्या भिंतीशी उभे होते, आवाज पडला की हात वर करायचे. घाटातून परतताना मी रडत होते, तेव्हा म्हणाले, "तिसऱ्या नंबरचा आवाज पहिल्या दोघींपेक्षा चांगला होता." यात मी काहीही वाढवलेलं नाही.

सर, निवृत्तीनंतर तुम्हाला आमंत्रणं वाढतील. गोष्ट सांगत राहा. फक्त बाप गवंडी आहे, पीत नाही आणि जिवंत आहे, एवढं राहू द्या. सभा रडली नाही तरी चालेल.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, सरांचं किंवा आपलं कुणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून पोटात घाला. आबांची माफी मी घरी मागितली होती. ते म्हणाले, "सभेत उभी ऱ्हायलीस, सभेतच माग."

ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

आबा, त्या दिवशी मी उभी राहायला नको होतं. माझं चुकलं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपले मनापासून आभार.