मॅक्सीवरचा टॉवेल

शिल्पा : आधी काय ते सांग, मावशी. मालकांनी कामावरनं काढलं का?

फुला : चप्पल तरी काढू दे, बाई. पाणी आण.

शिल्पा : हे घे. काल उळवीच्या जत्रेत त्यांनी माझं चित्र विकत घेतलं आणि आज सुट्टीच्या दिवशी तुला रिसॉर्टवर बोलावणं. माझ्यापायी तुझं सैपाकाचं काम गेलं, असंच धरून बसले होते मी.

फुला : मीबी. वाटंभर तुला शिव्या घालतच गेले.

शिल्पा : घाल की. बेळगावला जाऊन लाकडी ठसे कोरून चित्रं छापायला शिकले आणि पहिली टिंगल घरातच केली.

फुला : गेले तर मालकांच्या हातात तुझं चित्र. बोट ठिवून दावायला लागले. ही बघ शहरातली बाई, खांद्यावर गाठ मारून आमच्या कुणब्यांचं लुगडं नेसलीया, काळा चष्मा, कोयता उलटा धरलाय. आणि ही गावची बाई मॅक्सीवर टॉवेल घेऊन तिचा फोटू काढतीया. म्हटलं, झालं, सोताचंच रिसॉर्ट वळखलं.

शिल्पा : मग?

फुला : मग हसायलाच लागले. म्हणाले, फुलाबाई, नदीपल्याडच्या रिसॉर्टची पार जिरवली तुमच्या पोरीनं.

शिल्पा : पल्याडच्या? पाहुण्यांना नेसवायला आज्जीची लुगडी ह्यांनीच नेली की तुझ्याकडनं.

फुला : व्हय. एक पाहुणी तिथंच हुती, तेच लुगडं नेसून. तीबी हसली. म्हणाली, असतात हो असल्या बायका.

शिल्पा : आणि काम?

फुला : काम हाय. चित्र जेवणाच्या खोलीत लावणार म्हणं.

शिल्पा : सुटले बाई. मी ठसा चुलीत घालायला निघाले होते.

फुला : घालू नगो. पण सगळ्यांस्नी त्यात दुसरंच कोणतरी दिसलं बघ. मला तेवढी मीच दिसले.

शिल्पा : राग आला?

फुला : जत्रेत आला. चार बाया त्या टॉवेलाकडं बघून हसल्या तवा रडूच आलं. चुलीपुढं मॅक्सी सुटसुटीत वाटती गं. आणि वर टॉवेल घेतला न्हाई तर चारचौघांत लाज वाटती. हौस न्हवं ती.

शिल्पा : मी तुला नव्हते हसत, मावशी. त्या पाहुण्यांना हसत होते.

फुला : ठाव हाय. पण हसणाऱ्यांस्नी कुठं ठाव हाय?

शिल्पा : चुकलंच माझं. नवा ठसा कोरते. तुला काढून टाकते त्यातनं.

फुला : काढू नगो. मी हुते की तिथं. टॉवेलबी ऱ्हाऊ दे.

शिल्पा : मग काय बदलू?

फुला : त्यात मी लई गप उभी हाय. तसल्या बायांचे फोटू काढताना मला हसू आवरत न्हाई. हसताना कोर.