विम्याचा फोन आणि बंद खिडकी

मी जर्मनीला वर्षभर शिकायला निघाले होते ना, तेव्हा आमच्या मुखेडच्या घरी विमा कंपनीचा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला. तिकडच्या बाईनं विचारलं, "मुलीला काही जुना आजार?"

आईनं उठून आधी खिडकी लावून घेतली. अप्पा तर पाहुणे मुलगी बघायला आल्यागत म्हणाले, "न्हाई हो, साधा चष्माबी न्हाई."

माझ्या हातात दम्याचा पंप. तिकडं दम लागला आणि हे खोटं निघालं, तर खर्च कोण देणार? मी फोन ओढून घेतला. "मॅडम, मला दमा हाय. लिहून घ्या."

मी फोन ठेवला. मग आई पुटपुटली, "आता हिला कोण करून घेतंय?"

अप्पा म्हणाले, "मी तुला केलीच की. तुझा दमा मला लग्नानंतर कळला."