लांब बांधलेली गाय

गोठ्याचं मला काय विचारता, गोठा बांधावा तर मीच. निजामाच्या राज्यातली गोष्ट. सरकारी शेतावरचा गोठा पाहून आलो आणि आमच्या घरापासून शंभर पावलांवर तसाच बांधला. खाली उतरती फरशी, मुताला नाली, वाऱ्याला खिडक्या. तवर आमची कपिली गाय घरातच, चुलीसमोरच्या ओसरीत राहायची.

बायको म्हणली, "अवो, तिकडं तिला माझा आवाज येणार न्हाई."

मी म्हणलं, "गाईसाठी गोठा बांधून राहिलो, तुला गप्पा मारायला न्हाई."

नव्या गोठ्यात गेली आणि गाईनं पान्हा चोरला. वासरू लावलं, सरकी घातली, दृष्टबी काढली. थेंब न्हाई. महिनाभरानं, गाईलाच खोड लागली असं ठरवून, हट्टा गावच्या एका माणसाला वासरासकट विकून टाकली. खोट गोठ्यात असंल, हे मनातबी आलं न्हाई.

पुढं एका लग्नाला हट्ट्याला गेलो, तर त्या माणसानं घरी नेऊन चहा पाजला. कपिलीच्याच दुधाचा. ती सैपाकघराच्या दाराशी बांधलेली. आत त्याची बायको भाकरी थापता थापता बडबडत होती आणि गाय तिकडं कान लावून रवंथ करत होती.

घरी आलो तर बायकोनं पहिलं तेच विचारलं, "कपिली दिसली का? दूध देती का तिथं?"

खरं सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हणलं, "न्हाई. तिथंबी आटलीच."

ती ताटात कालवण वाढत म्हणली, "मंग त्यांनीबी लांबच बांधली असंल."