मावशींनी घासलेला दगड

माझ्या कपाटातल्या त्या कापूस चिकटवल्यासारख्या दगडाबद्दल तुम्ही नेहमी विचारता, तर तो कसा मिळाला ते ऐका.

घोटीजवळ एका मावशींच्या विहिरीच्या खोदकामात दोन दगड निघाले होते. त्यांच्याकडून आलेल्या फोटोत पाहिलं तर दोन्हींच्या पोकळीत ओकेनाइट ह्या खनिजाचे कापसासारखे पांढरेशुभ्र गोळे. त्याचे केस इतके नाजूक की बोट लागलं तरी चपटे होतात, पुन्हा उभे राहत नाहीत. असा नमुना मी कित्येक वर्षं शोधत होतो. माझ्या संग्रहाच्या वहीत त्याच्यासाठी एक पान कोरं ठेवलं होतं.

रविवारी पोचलो. मावशींनी कौतुकाने एक दगड पुढे ठेवला. आत नुसता काळा खडक.

“मावशी, ह्यातला कापूस कुठे गेला?”

“लय बुरशी धरली व्हती, भाऊ. तुम्ही एवढ्या लांबून येणार, तशीच कशी देऊ? राख लावून घासली.”

मी दगड उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, “आणि दुसरा?”

“तो राह्यला. हात दुखाया लागले. मोरीमागं टोपलीखाली हाय, पर त्यो नका बघू.”

मी धावलोच. टोपली उचलली. एकही केस मोडलेला नव्हता.

“मावशी, मला हाच हवा. ह्याचे पैसे घ्या.”

“बुरशीचे पैसे? नाय बा. घासलेल्याचे द्या, हा तसाच न्या.”

शेवटी मी दोन्हींचे दिले. तरी बुरशीचा दगड दिल्याचं त्यांच्या मनाला लागून राहिलं. निघताना म्हणाल्या, “वहिनींकडून घासून घ्या बरं.”

मी मान डोलावली आणि नाशिक रोडला घरी पोचल्यावर आधी भांड्यांचा ब्रश लपवला.