निळी फळी

नाताळच्या आदल्या दिवशी बेकरीच्या रांगेत अनाहेराच्या पुढे एक म्हातारी आणि तिची सून उभ्या होत्या.

"आई, पोरांचं झाड सजलं का हो?"

"सजलं. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं बांधली, शिंपले टांगले, पोहुतुकावाची लाल फुलं खोवली. पण एरिन, त्या लाकडांत एक निळी फळी निघाली."

"कॅलमच्या होडीसारखी निळी?"

"माझ्या लेकाच्याच होडीची गं. तुझं नाव आहे तिच्यावर, त्यानं रंगवलेलं."

"पोरांनी बघितलं?"

"त्यांना कुठं वाचता येतंय अजून! नावाची बाजू भिंतीकडे केलीय मी."

"आणि समुद्रात त्याला शोधणाऱ्या पथकाला सांगितलंत?"

"वेडी का काय? सांगितलं तर होडी फुटली म्हणतील नि शोधायचंच थांबवतील."

रांग पुढे सरकली. त्या दोघी तिथेच.

"मग मला तरी कशाला सांगितलंत, आई?"